शीट मधे जाड, कडेला पातळ, वर फोड: रोल ग्राइंडिंगला पाठवायच्या आधी

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. प्रश्न विचारणाऱ्यांकडे तीन रोलचं उभं कॅलेंडर आहे, म्हणजे गरम रोलांच्या फटीतून रबराची शीट काढायचं मशीन, फेस (रोलची कामाची रुंदी) १२०० मिमी, रोल ४५० मिमी डायमीटरचे, स्टीमवर चालणारे. नॅचरल रबर आणि एसबीआर (कृत्रिम रबर) मिक्स, ६० शोअर कडकपणाची काळी शीट, ३ मिमी, एकाच पासमधे काढतात. गेज म्हणजे जाडी डावीकडे ३.०२, मधे ३.२१, उजवीकडे २.९६ येतंय. शिवाय बारीक फोड, सोमवारी सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर जास्त. मालक म्हणतात रोल वाकतोय, काढून क्राऊन देऊन, म्हणजे रोल मधे किंचित फुगीर ठेवून, ग्राइंडिंग करून आणू. आणि प्रश्न असा की क्राऊन किती द्यावा.

माझं मत, आत्ता क्राऊन देऊच नका. मी सव्वीस-सत्तावीस वर्षं कॅलेंडरवर घालवली, त्यातली निम्मी रबरात आणि थोडी पीव्हीसीत, आणि हाच निर्णय मी एकदा घाईने घेतलेला आहे, त्याची गोष्ट पुढे येईलच. तुमच्या प्रश्नात खरं तर तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र बांधलेत: मधला जाडपणा, डाव्या-उजव्याचा फरक आणि फोड. तिघांची कारणं बहुतेक वेगळी निघतील, आणि त्यातलं एकही ग्राइंडिंगने सुटेल असं मला तुमच्या आकड्यांवरून तरी वाटत नाही.

का ते सांगतो. रोल वाकतो हे खरंच आहे, निपमधे म्हणजे दोन रोलमधल्या फटीत रबर दोन्ही रोलना बाहेर ढकलतं, रोल दोन टोकांना बेअरिंगवर टेकलेला, म्हणून मधे गॅप उघडतो आणि शीट मधे जाड येते. पण किती वाकतो त्याचा हिशोब कोणी करत नाही. तुमचा रोल ४५० चा आहे आणि फेस फक्त १२००, म्हणजे चांगला बुटका जाड रोल. ३ मिमी शीटला एका मीटरमागे पाच टनांचा जोर धरला, जो या जाडीला मी भरपूरच समजतो, तरी दोन्ही रोल मिळून मधे साधारण दोन-तीन शतांश मिमी उघडतील. मी चुकलोय आणि जोर दुप्पट आहे असं धरलं तरी पाच-सहा शतांश. तुमच्याकडे फरक आहे वीस शतांशाच्या वर. उरलेले पंधरा कुठून आले?

हां, हे सगळ्यांना लागू नाही. वाकणं डायमीटरच्या चौथ्या घाताने कमी होतं आणि रुंदीच्या चौथ्या घाताने वाढतं, म्हणजे मीटरमागे तोच जोर आणि रुंदी दुप्पट केली तर हिशोबात सोळा पट. दोन-अडीच मीटर फेसवर ०.२ मिमीची पीव्हीसी फिल्म काढणाऱ्याला क्राऊन, रोल बेंडिंग, क्रॉस ॲक्सिस अशा वाकणं भरून काढायच्या सगळ्या युक्त्या लागतात, त्यांची मायक्रोनची मारामारी असते. तुमची ती केस नाही.

मग दुसरी शंका, रोल झिजलाय का. हे शक्य आहे, वर्षानुवर्षं अरुंद माल मधेच चालवला तर मधे झिजतो. पण ते अंदाजाने ठरवायची गरज नाही, थोड्या शिशाच्या तारेत कळतं. जाड सोल्डर वायर घ्या, तुमच्या गॅपपेक्षा जाड हवी, नसेल तर बारीक तार दुहेरी पिळून घ्या. रोल रोजच्या चालू टेंपरेचरला आणा, गॅप रोजच्या जागी ठेवा, माल पूर्ण काढून टाका, मशीन एकदम हळू फिरवा. दीड-दोन फुटांचे तीन तुकडे, डावीकडे, मधे, उजवीकडे, लांबूनच रोलच्या पाठीवर ठेवून द्यायचे, रोल स्वतः आत नेतो. बोटाने निपकडे ढकलायचं नाही, आणि दुसरा माणूस पूर्ण वेळ ट्रिप बारवर (ओढला की मशीन थांबवणारा दांडा) हात ठेवून उभा पाहिजे. त्याआधी ट्रिप बार ओढून मशीन खरंच जागच्या जागी थांबतंय का ते बघा. मिल आणि कॅलेंडरवर बोटं गेलेली माणसं मी पाहिलीत, त्यातला एक जण माझ्यापेक्षा जास्त अनुभवी होता. मशीन थांबवून चपटी झालेली तार काढा आणि मायक्रोमीटरने मोजा. तिन्ही तुकडे दोन-तीन शतांशांत जुळले तर रोल सरळ आहेत, विषय संपला. मधला तुकडा पंधरा-वीस शतांश जाड निघाला तर मालक बरोबर, मी चूक, रोल पाठवा. तारेला वाकणं कळत नाही, कारण रबराचा जोर तिथे नाही, पण वाकणं किती ते आपण वर काढलंच आहे.

आता समजा तार जुळली, आणि माझी पैज आहे की जुळेल. मग शीट मधे जाड का? कारण शीटची जाडी म्हणजे गॅप नव्हे. रबर निपमधून सुटलं की फुगतं. तुम्ही ३ मिमी शीट काढताना गॅप कदाचित २.६ वर असेल, नक्की आकडा कंपाऊंडवर. हे फुगणं मालाच्या टेंपरेचरवर, मस्तीवर म्हणजे नर्व्हवर (परत आखडायच्या खोडीवर), आणि निपच्या तोंडाशी किती माल साचलाय यावर ठरतं. थंड माल जास्त फुगतो, गरम मऊ झालेला कमी. म्हणजे गॅप अगदी सारखा असला तरी मधे थंड माल आणि कडेला गरम माल असेल तर शीट मधे जाडच येणार.

आणि मधे थंड माल का असतो ते तुम्ही उद्या पाळीवर दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. हेल्पर वॉर्मिंग मिलवरून (माल आधी मळून गरम करायचं मशीन) पट्टा कापतो, त्याची वळकटी करतो आणि निपमधे टाकतो. कुठे टाकतो? मधे. कारण तिथे उभं राहायला सोपं, कडेला गार्ड आणि फ्रेम आडवी येते. वळकटी पडली की मधे बँक, म्हणजे निपच्या तोंडाशी साचलेला माल, मनगटाएवढी जाड होते, मग ती हळूहळू कडेला पसरत जाते, तोवर कडा उपाशी. मग पुढची वळकटी. जो माल कडेपर्यंत पोहोचतो तो निपमधे गोल गोल फिरून चांगला गरम होऊन पोहोचतो, आणि मधला आत्ताच मिलवरून आलेला, त्यात वळकटीचं पोट अजून गार. तुमचा मधला ३.२१ मला इथे दिसतोय. बँक पेन्सिलीसारखी पाहिजे म्हणतात, ३ मिमीला पेन्सिल जरा कमीच पडेल, पण अंगठ्याएवढी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी, आणि सतत फिरणारी. थांबलेली बँक दिसली की समजायचं माल थंड आहे किंवा जास्त साचलाय.

माझी गोष्ट. एका कारखान्यात होतो, नाव नको, तिथे अशीच मधे जाड शीट. मी तरुण, पुस्तकात डिफ्लेक्शन वाचलेलं, छातीठोकपणे मालकांना सांगितलं क्राऊन पाहिजे. वरचा रोल काढला, क्रेन, ट्रक, ग्राइंडिंग, परत बसवणं, बेअरिंग सेटिंग, दीड महिना मशीन बंद. क्राऊन दिला डायमीटरवर एक दशांश. परत चालू केलं तर मधे थोडंसं कमी जाड, पण जाडच. पुढे दोन-तीन महिन्यांनी जुना हेल्पर गावी गेला आणि बदली पोरगा आला, तो डावखुरा होता, त्याला मधे टाकणं जमेना म्हणून तो माल लहान तुकड्यांत दोन्ही कडेला टाकायचा. त्या आठवड्यात शीट मधे पातळ यायला लागली! म्हणजे क्राऊन आपलं काम करत होता, पण जो रोग नव्हता त्याच्यावर. मग तो क्राऊन आम्ही कितीतरी वर्षं सांभाळला, प्रत्येक पातळ मऊ कंपाऊंडला त्याच्याशी भांडत. क्राऊन एका कंपाऊंडला, एका जाडीला, एका स्पीडला बरोबर असतो, बाकी सगळ्यांना थोडा चुकीचा. आणि चिल्ड कास्ट आयर्न रोलचा कडक थर ठराविक खोलीचाच असतो, प्रत्येक ग्राइंडिंगला त्यातला थोडा कायमचा जातो, हेही मालकांच्या कानावर घाला.

तर उपाय काय. सगळ्यात चांगलं म्हणजे वॉर्मिंग मिलवरून अखंड पट्टा कन्व्हेयरने आणायचा आणि त्याचं टोक निपवर डावीकडून उजवीकडे झुलत ठेवायचं. खर्च आहे, पण ग्राइंडिंगच्या धावपळीपेक्षा फार नाही, लोकल फॅब्रिकेटर करून देतो. तोवर वळकट्या अर्ध्या आकाराच्या करा, डावी-मधे-उजवी अशा फिरत्या टाका, आणि मिलवर माल दोन वेळा तरी टोकातून घालून घ्या म्हणजे पोटात गार राहणार नाही. हेल्परला नुसतं ओरडून होत नाही, त्याला उभं राहायला दोन्ही कडेला जागा करून द्या.

टेंपरेचरचं बघा. तुम्ही लिहिलंय की आयआर गनने ७० दाखवतंय आणि स्टीम तर भरपूर आहे. चकाकणाऱ्या रोलवर आयआर गन खोटं बोलते, आरशासारखा पृष्ठभाग असल्याने खरा आकडा बराच जास्त असतो. गन रबरावर मारा, किंवा टेकवायचा पायरोमीटर घ्या. नॅचरल-एसबीआरला रोल मी साधारण ८० ते १०० मधे ठेवायचो, वरच्या आणि मधल्या रोलमधे पाच-दहा डिग्री फरक, पण हे कंपाऊंडवर आहे, माझा आकडा डोळे मिटून घेऊ नका. नॅचरल सहसा गरम रोलकडे ओढ घेतं, ब्युटिल आणि ईपीडीएम सहसा थंड रोलकडे, त्यामुळे शीट चुकीच्या रोलला चिकटत असेल तर आधी फरक उलटा करून बघतात. महत्त्वाचं म्हणजे रोलवर डावीकडे, मधे, उजवीकडे तीन आकडे घ्या. तुमचा डाव्या-उजव्याचा सहा शतांशाचा फरक नुसता स्क्रू सेटिंगचा असू शकतो, पण जुन्या पोकळ रोलमधे स्टीम ट्रॅप (वाफेचं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) अडकला की पाणी साचतं आणि एक बाजू थंड पडते, आणि मग ऑपरेटर दिवसभर स्क्रू फिरवत बसतो. ट्रॅप आधी, स्क्रू नंतर. आणि रोल गरम करताना फिरवतच गरम करायचा, मिनिटाला एखाद्या डिग्रीच्या वर चढवायचा नाही. कास्ट आयर्न आहे, घाई केली तर तडकतो.

आता सोमवार आणि जेवणाची सुट्टी. तुमच्या प्रश्नातली ही सगळ्यात कामाची ओळ आहे आणि तुम्ही ती शेवटी सहज लिहिलीत. रोल झिजलेला असता तर तो मंगळवारी अकरा वाजताही झिजलेलाच असता. सोमवारी रोल दोन दिवस गार, तासभर आधी स्टीम सोडली की वरून गरम दिसतात पण आतून मुरलेले नसतात, माल शनिवारचा, गार आणि घट्ट, घाईत मिलवर चार फेऱ्या मारून टाकला जातो. जेवणाच्या सुट्टीत मिलवरचा पट्टा आणि बँक तशीच पडून राहते, परत आल्यावर त्यातला काही माल थंड आणि काही रोलला चिकटून जास्त शिजलेला. सुट्टीआधी निप रिकामी करा, बँकचा माल वेगळा ठेवा, परत आल्यावर पहिले पाच-दहा मीटर सरळ परत मिलला. बँकचा माल परत परत फिरवताना स्कॉर्चवर (वेळेआधीच शिजण्यावर) लक्ष ठेवा, ताज्या मालात थोडा थोडाच मिसळा. इनसोल्युबल सल्फर वापरत असाल तर माल १०५ च्या पुढे गेला की तो साधा सल्फर व्हायला लागतो आणि दोन दिवसांनी शीटवर पांढरी पावडर उगवते, मग लोक लायनरला (शीट गुंडाळताना मधे घालायच्या कापडाला) दोष देतात.

फोडांकडे येतो. आधी ठरवा फोड कधी दिसतो. कच्च्या शीटवरच दिसत असेल तर ती कोंडलेली हवा आहे. सुई टोचा, फुस्स करून बसतो, ब्लेडने आडवा कापला तर आत गुळगुळीत चकचकीत पोकळी दिसते. कच्ची शीट स्वच्छ आणि क्युअरिंगनंतर (शीट शिजवून पक्की केल्यावर) फोड, तर ओलावा, उडणारं तेल, किंवा क्युअरिंगला दाब नीट नाही. कापल्यावर आत स्पंजासारखी जाळी दिसली तर बहुतेक दाब सुटायच्या आधी पूर्ण शिजलं नाही. ओलाव्याला आपल्याकडे जून ते सप्टेंबर विचारायलाच नको, त्यात क्ले किंवा सिलिका असलेलं कंपाऊंड, किंवा साबणाच्या पाण्यातून काढलेली शीट ओलीच एकावर एक रचलेली. कच्च्या मालाचा बारदानाखालचा ढीग एकदा उचलून खालच्या शीटला हात लावून बघा.

तुमच्या वर्णनावरून मात्र ही हवाच वाटते, आणि तिचं मुख्य कारण ३ मिमी एका पासमधे. बँक फिरताना हवा घड्यांत गुंडाळून घेतेच. पातळ शीटला निपचा दाब इतका असतो की हवा मागे बँकमधे फेकली जाते आणि फुटते, तो टप-टप आवाज चांगल्या कॅलेंडरवर सतत ऐकू येतो. गॅप मोठा झाला की दाब पडतो आणि हवा मालाबरोबर पुढे निघून जाते. माझ्या हातात दीड मिमीपर्यंत निवांत, दोनला सांभाळून, आणि त्यापुढे नशिबावर. तेव्हा दीड-दीडचे दोन थर काढा आणि एकमेकांवर दाबून जोडा. पहिला थर लायनरमधे गुंडाळून ठेवायचा, दुसरा गरम निघत असतानाच त्यावर प्रेशर रोलरने बसवायचा. दोन्ही थर एकाच दिशेने, थरांच्या मधे टाल्क पावडर पडता कामा नये, नाहीतर पुढे तिथूनच उलगडतं. काम वाढतं, स्पीड कमी होतो, हे मान्य. पण एका थरातला फोड दुसऱ्या थराखाली झाकला जाऊन आरपार जात नाही, आणि गेजही सुधारतं कारण दोन थरांच्या चुका सहसा एकाच जागी येत नाहीत. मधे जाड असेल तर मात्र दोन्ही थर मधेच जाड येणार, तिथे ही गंमत चालत नाही, म्हणून बँक आधी नीट करा. हवा घालवायला नुसता गॅप कमी करून शीट ओढून जाडी साधायचा प्रयत्न करू नका, ओढलेली शीट टेबलावर कापल्यावर आखडते, लांबीत कमी आणि जाडीत जास्त होते.

यावरून मोजण्याचं. तुम्ही व्हर्नियरने मोजताय. व्हर्नियरचा जबडा कच्च्या रबरात रुततो आणि शीटच्या मधापर्यंत पोहोचत नाही, म्हणजे मधलं गेज तुम्ही नक्की कापूनच घेतलं असणार आणि कडेचं चालू शीटवर. हे दोन आकडे एकमेकांशी तोलता येत नाहीत. पूर्ण रुंदीची दोन इंची पट्टी आडवी कापा, टाल्क मारून टेबलावर दहा मिनिटं मोकळी सोडा, मग सपाट पायाच्या डायल गेजने पाच जागी मोजा. दर अर्ध्या तासाला एक पट्टी, वहीत वेळ, पाच आकडे, आणि बाजूला त्या वेळी निपवर कोण होतं ते. दोन दिवसांत वही बोलायला लागते. बीटा गेज (चालू शीटची जाडी किरणांनी मोजणारं यंत्र) वगैरे कोणी सुचवलं तर छान असतं, पण त्यात रेडिओॲक्टिव्ह सोर्स असतो, अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी, जबाबदार माणूस, कागदपत्रं सगळं येतं, आणि तुमच्या जाडीला आणि स्पीडला त्याची गरज नाही.

पीव्हीसीवाल्यांनी हे जसंच्या तसं उचलू नका. तिथे रोल १७० ते २०० डिग्रीला असतात, साधारण पुढचा प्रत्येक रोल आधीपेक्षा थोडा गरम आणि थोडा वेगवान ठेवतात म्हणजे फिल्म पुढे सरकते, आणि फीड सहसा एक्सट्रूडरमधून गाळून सारखा येतो, त्यामुळे बँकची बोंब कमी आणि रोल वाकण्याची जास्त. बाकी मशीनचं तत्त्व १८३६ साली अमेरिकेत चॅफीने पेटंट घेतलं तेव्हापासून तेच आहे, गरम रोल आणि मधली फट.

तर क्रम असा लावा: आधी दोन दिवस वही, त्यातच ट्रॅप आणि टेंपरेचर, मग बँक आणि वळकट्या, मग दीड-दीडचा एक लॉट. रविवारी मशीन रिकामं मिळेल तेव्हा तार. मालकांना सांगा पंधरा दिवस द्या, ग्राइंडिंगवाला कुठे पळून जात नाही.

तारेचे तीन आकडे आले की इथेच टाका. सोबत रोल पोकळ आहे की कडेने ड्रिल केलेला, आणि साध्या बुशवर आहे की रोलर बेअरिंगवर, तेही लिहा. बुश असेल आणि झिजलेली असेल तर जर्नल (रोलचं बेअरिंगमधलं टोक) लोडखाली सरकतं आणि रिकाम्या मशीनवर घेतलेली तार डाव्या-उजव्याबद्दल थोडी फसवू शकते, मग ती चाचणी वेगळ्या पद्धतीने करावी लागेल.